ओटा झाला की

हाही मंगळवार गेला.

सकाळपासून संध्याकाळपर्यंत कधीही येतो असं सांगून न येणारा माणूस म्हणजे काय, हे ज्याने आपलं स्वयंपाकघर मोडून ठेवलंय त्यालाच कळेल. मी आपली सकाळी लवकर आंघोळ करून, केस बांधून, पुढच्या खोलीच्या खिडकीत बसते. रस्त्यावर पांढरी व्हॅन दिसली की उठते. ती शेजारच्यांचं पार्सल टाकून निघून जाते. मी पुन्हा बसते. आमचं काम करणारा गॅरी तसा माणूस वाईट नाही. येतो तेव्हा दारात बूट काढतो, चहा प्याला की कप स्वतः विसळून ठेवतो. विसळतो म्हणजे न्हाणीघरात जाऊन, कारण सिंक त्यानेच काढून बागेत टाकलंय. पण निघताना "मंगळवारी नक्की" म्हणतो, आणि कुठल्या मंगळवारी ते सांगत नाही.

बागेतल्या त्या सिंकमध्ये पाऊस साठलाय. काल सकाळी एक कबूतर त्यात निवांत आंघोळ करून गेलं. आमच्या घरातल्या सिंकचा सध्या तेवढा एकच उपयोग. भांडी मी न्हाणीच्या टबात घासते, ह्या वयात, गुडघे टेकून. फ्रीज जिन्याखाली आहे. जिन्यावरून कोणी उतरलं की आतल्या बाटल्या किणकिणतात. पुढच्या खोलीत टीव्हीशेजारी विजेची एक शेगडी मांडलीय. तिच्यावर भात होतो, डाळ होते. बांगडा मात्र तळता येत नाही, कारण एकदा तळला की पडदे, सोफा, खुंटीवरचे कोट सगळे महिनाभर बांगड्याचे. आणि आमच्या ह्यांना माशाशिवाय घास उतरत नाही. ताटाकडे बघतात ते असे, की जणू कोणी परकं येऊन बसलंय त्यात.

"आजपण डाळच?"

"मगे काय सोफ्यार बांगडे तळू?"

एवढ्यावर आमचं जेवणातलं बोलणं संपतं.

तक्रार तरी कोणाकडे करू? स्वयंपाकघर मुलाने करून दिलंय. तो मँचेस्टरला असतो. आईची पाठ आणि बाबांचे गुडघे बघून, हौसेने, सगळं निवडून त्याने हे काम काढलं. किती जणींच्या नशिबात असा मुलगा असतो? म्हणून फोनवर मी "सगळं छान चाललंय रे" म्हणते. उपकार आणि वैताग एकाच घशाखाली उतरवायचे म्हणजे ठसका लागतोच.

पण माझं खरं दुखणं निराळंच आहे. इथल्या लायब्ररीत मोठ्या माणसांना इंग्रजी लिहायला-वाचायला शिकवतात. दर मंगळवारी दुपारी. बोलण्यापुरतं इंग्रजी मला येतं, पण इस्पितळाचं पत्र आलं की त्याचा फोटो काढून मुलाला पाठवावा लागतो, आणि तो उलट फोन करीपर्यंत मी ते पत्र हातात घेऊन जिन्यापाशी फेऱ्या मारते. ह्यांचा काही नवीन आजार तर निघाला नाही? बहुतेक वेळा दातांच्या डॉक्टरची तारीख असते. तर म्हटलं, आता शिकून घ्यावं. धीर करून नाव घातलं. आणि तेव्हापासून एकही मंगळवार माझा राहिलेला नाही. गेल्या आठवड्यात तिथल्या शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला. फार गोड बोलतात. तुम्ही कधी येणार, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, किचन झालं की येते.

फोन ठेवला आणि तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. माझ्या आवाजात नव्हे, बाबांच्या.

इथे आता झाडं पिवळी होऊ लागलीत. लोक बघायला जातात, फोटो काढतात. मला ह्या दिवसांत पिवळं म्हटलं की कुणग्यांतलं, शेताच्या लहान तुकड्यांतलं, भातच आठवतं. आमचं गाव तोंडवलीच्या अलीकडे, आतल्या अंगाला. समुद्र दिसत नसे, ऐकू यायचा. दिवसा माणसांच्या आवाजात तो हरवून जाई आणि तिन्हीसांजेला सगळे गप्प झाले की सुरूच्या झाडांमागून पुन्हा बोलायला लागे. दसरा झाला की पाऊस ओसरायचा, उन्हाला धार चढायची, आणि पिकल्या भाताचा तो वास, थोडा गोडसर, थोडा शिळ्या पेजेसारखा, घरात येऊन राहायचा. कापणीवरून माणसं आली की त्यांच्या अंगाला तोच वास. मानेला, कोपराच्या खळीत भाताची कुसळं रुतलेली. आई दारात उभी राहून पदर झटकायची आणि उन्हात ती कुसळं सोन्यासारखी उडायची. बघायला सुंदर. अंगाला मात्र खाज सुटायची.

त्या वर्षी मी सातवीत होते. सातवीच्या परीक्षेला अजून सगळे फायनल म्हणत. फायनल झालेली मुलगी पुढे मास्तरीण होऊ शकते, असं आमच्या मास्तरांनी बाबांना तोंडावर सांगितलं होतं. बाबा त्या दिवशी शाळेतून घरी आले ते चपला पायात ठेवूनच माजघरापर्यंत गेले, इतके ते हरखले होते. म्हणजे मला शिकवायचं नाही असं आमच्या घरात कोणाच्याच मनात नव्हतं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते ऐकून लोकांना वाटतं कोणीतरी दुष्ट असणार.

झालं असं, की चतुर्थीला मुंबईहून मोठे काका आले. बाबांचे थोरले भाऊ. गिरणीत होते. चाळीतल्या त्यांच्या खोलीत ओटा होता, काकी त्यावर उभ्याने रांधायची. काकांनी आमच्याकडे आईला चुलीपुढे वाकून फुंकर घालताना पाहिलं आणि त्यांना कळवळा आला.

"भुयार बसान बसान पाठ मोडता तिची," ते बाबांना म्हणाले. "उभ्यान रांधूक व्हया. ओटो बांधूया."

चांगलाच विचार. फक्त तो त्यांनी आईला सांगितला नाही, कारण तशी रीतच नव्हती. थोरल्या दिरापुढे आई उभी राहत नसे. काका घरात आले की ती आतल्या दाराआड, आणि काका आत आले की ती मागल्या पडवीत. तर ज्या खोलीत तिचा सगळा दिवस जायचा, त्या खोलीचं काय करायचं हे ठरत होतं तेव्हा बाकी सगळे त्या खोलीत होते, ती तेवढी नव्हती. काका भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहिले. हात कोपरात दुमडला. चुलीतला विझलेला कोळसा उचलून कोपराखाली भिंतीवर ही लांब रेघ ओढली.

"हय. हयसर ओटो."

काका उंच. बाबांकडचे सगळेच उंच, मीही त्यांच्यावरच गेलेली. आई त्या वर्षी माझ्या खांद्याला लागत होती.

मग देवाला गाऱ्हाणं घालणं झालं. आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय खड्डाही खणत नाहीत. नारळ ठेवला, आणि काकांनी हात जोडून मोठ्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, आज लेकरां ह्या घरात नवो ओटो बांधूचो म्हणतत."

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"त्या ओट्यार चूल कायम पेटती ऱ्हवांदे."

"होय म्हाराजा!"

"जा काय आज ठरला, ता तसाच पार पडांदे. मधी कोणी आडो येवचो नाय."

"होय म्हाराजा!" ह्या वेळी दाराआडून आईचाही आवाज आला, स्वच्छ.

मागाहून मी तिला विचारलं, "आये, तुका ती रेघ उच्च होतली ना गो? मगे होय म्हाराजा कित्याक म्हटलंस?"

"गाऱ्हाण्यात कोण नाय म्हणता काय गो?" ती म्हणाली.

काका मुंबईला गेले. रेघ राहिली. मला अजून त्या रेघेचा राग येतो. कोळशाचीच तर होती. ओल्या फडक्याने पुसली असती तर गेली असती. पण घरात येणाराजाणारा तिला वळसा घालून जायचा, जसं काही गरम तवा टांगून ठेवलाय.

"रेघ वायच खाली घेवा," आई बाबांना म्हणाली.

"दादान मारलली रेघ ती."

"दादाक रांधूचा नाय."

बाबा यावर खळ्यात, पुढच्या अंगणात, निघून गेले. आमच्या बाबांकडे कुठल्याही प्रश्नाला शेवटी खळंच होतं.

घाई मात्र फार केली. पाऊस सरला-न-सरला तोच जुनी चूल काढून जमीन उकरून ठेवली. आणि मग कळलं की सिमेंट नाही. सिमेंटला तेव्हा परमिट लागे. बाबा परमिटासाठी कचेरीत जात आणि साहेब दौऱ्यावर आहेत ऐकून परत येत. कोणी म्हणे पलीकडे गोव्यात, फिरंग्यांच्या राज्यात, हवं तितकं मिळतं, हद्दीवरच्या इन्सुलीकडून कोणाच्या तरी ओळखीने येईल. बाबा असलं चोरटं काही ऐकलं तरी दार लावून घेणारे. मग परमिटाचं सिमेंट आलं तेव्हा कापणी आली. गवंडी भिकाजी आपलं भात कापायला गेला. "भात शेतात झडांदे काय?" त्याने जाताजाता विचारलं.

तोवर आमची चूल मांगरात. मांगर म्हणजे घरामागचं गुरांचं आणि गवताचं छप्पर. तीन दगड मांडून तिथे रांधायचं, आणि चार हातांवर वाळल्या गवताची गंजी. आई कापणीला गेली की तिथे विस्तवापाशी कोणीतरी राहायलाच हवं होतं. धाकटा भाऊ रांगता होता, तोही बघायला हवा. कोण राहणार? बाबा म्हणाले, "थोडे दिवस शाळेत जाव नको. ओटो झालो काय शाळा."

ओटा झाला की शाळा. हे वाक्य मी त्या दिवसांत किती जणांना सांगितलं! विहिरीवर मैत्रिणी भेटल्या की त्यांना. मास्तरांनी निरोप पाठवला त्यांना. स्वतःला तर सारखं. भावाला कडेवर घेऊन मांगराच्या दारात उभी राहायची. कमरेला तो, डोळ्यांत धूर, आणि कान शाळेच्या दिशेने. पाढे म्हणायला लागले की वाऱ्यावर सूर यायचा, आकडे यायचे नाहीत. सुरावरून मी ओळखायचे कितीचा पाढा चाललाय. पावसाळी लाकडं पेटत नसत, माडाची वाळकी चुडतं भडकून झटकन विझत. पेजेला धुराचा वास लागायचा. सगळं अर्धवट, सगळं हातावर. आज टीव्हीशेजारी भात ढवळताना मनगटाला तोच वैताग आठवतो. अंगाला असल्या गोष्टी डोक्यापेक्षा जास्त दिवस लक्षात राहतात.

भिकाजी आला एकदाचा. जांभ्या दगडाचे चिरे बसवायला लागला. रेघेपर्यंत यायच्या आधी थांबला. आई कळशीत पाणी घेऊन भिंतीपाशी उभी होती. गवंड्यापुढे उभं राहायला तिला बंदी नव्हती. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा रेघेकडे.

"वैनीबाय, ह्या तुमका उच्च होतला."

"सांग तसा त्यांका."

"मी कशाक सांगू? मोठ्यांनी मारलली रेघ. उद्या माका कोण काम देतलो?" आणि त्याने आणखी एक थर चढवला, बरोबर रेघेला भिडवून. काम मात्र सुंदर केलं. कडा गुळगुळीत, वर सिमेंटचा लाल रंग, बाजूला खिडकी. गावातल्या बायका बघायला आल्या. हात फिरवून बघत होत्या, जसा नव्या म्हशीवर फिरवतात.

मग चूल वर बसवली आणि आईने पहिली पेज ठेवली. पाटावर उभी राहून. पाट हलला म्हणून चिऱ्यावर उभी राहून. खाली बसून रांधायची तेव्हा धूर डोक्यावरून निघून जायचा. आता तो नेमका तिच्या तोंडावर. पातेल्यात काय आहे ते तिला दिसत नव्हतं, डाव आत घालून चाचपत होती. आणि उकळती पेज उतरवायची वेळ आली तेव्हा दोन्ही हात खांद्याच्या वर गेले. पातेलं कललं. मी धावले, फडक्याने दोन्ही कान धरले आणि अलगद उचलून खाली ठेवलं. मला काहीच जड गेलं नाही. माझ्या कोपराखाली तो ओटा बरोबर बसत होता.

बाबा दारातून माझ्याकडे बघत होते. त्यांच्या जिवात जीव आला.

"बरा झाला," ते म्हणाले, "चेडू उंच आसा."

तर असा ओटा झाला, आणि शाळा झाली नाही.

मास्तर घरी आले. त्यांच्याशी बाबा नेहमी पुस्तकातलं मराठी बोलत.

"अहो, फायनलचं वर्ष आहे तिचं."

"होय मास्तर. दादांना पत्र टाकलं आहे. त्यांची परवानगी आली की ओटा खाली घेतो, आणि लगेच पाठवतो."

"ओट्याचा आणि शाळेचा संबंध काय?"

बाबांनी त्यांना ओटा नेऊन दाखवला. मास्तरांनी त्याच्या कडेवरून हात फिरवला. "काम चांगलं झालंय," असं शेवटी म्हणाले, चहा प्याले आणि गेले. आणखी काय करणार?

काकांचं उत्तर आलं, मे महिन्यात येतो, मग बघू.

ह्या सगळ्यात आईने एक गोष्ट केली. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. पण दुपारी मासळी साफ करायला बसली की मला म्हणायची, "वाच गो मोठ्यान." मग मी सातवीचं पुस्तक काढून वाचायचे. ती माशाची खवलं काढत ऐकायची. इतिहासाच्या धड्यात कोणी राजा हरून पळून गेला की विचारायची, "मगे तेच्या बायलेचा काय झाला?" पुस्तकात ते नसायचं. "ता कशाक लिवतले!" म्हणून ती पुढचा मासा उचलायची. आज मला जे काही लिहिता येतंय ते त्या दुपारच्या वाचनाने टिकलं. तिचे हे उपकार मी कुठे फेडू?

शिमगा झाला. फायनलला मुलं मालवणला जायची होती. एका सकाळी ती रस्त्याने गेली, नवीन कपडे घालून, मास्तर पुढे. भिकाजीने ओट्याच्या वर ठेवलेल्या त्या खिडकीतून रस्ता दिसायचा. आईला दिसत नसे, तिचं डोकं तिथवर पोचत नव्हतं. मला सगळं दिसलं. माझ्या हातात डाव होता.

"कोण जाता गो?" आईने खालून विचारलं.

"कोण नाय," मी म्हटलं.

मे महिन्यात काका आले, बरोबर काकी. काकी मुंबईची, कोणाला न भिणारी. आल्या दिवशी हौसेने पदर खोचून ओट्यापुढे गेली आणि डोळे चोळत बाहेर आली.

"ह्या कोणा मेल्याच्या मापान बांधल्यात?"

काका खाकरले. "वायच खाली घेवया," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकाजी आला आणि पेज पिऊन कामाला लागला तो जेवायच्या आत मोकळा. वरचे चिरे काढले, बाहेर खळ्यात लावून ठेवले, वर सिमेंट फिरवलं. संपलं. एका सकाळचं काम! जून महिन्यात शाळा उघडली तेव्हा बाबा उंबऱ्याकडे बघत म्हणाले, "आता काय शाळा गो. मोठी झालंस." आणि खळ्यात गेले.

कोणावर रागावू? काकांना आईची कणव. बाबांना भावाचा मान. भिकाजीला पोटाची काळजी. मास्तर शब्द टाकून बघायला आले होतेच. सगळे चांगले. एक जरी वाईट असता तर मला आयुष्यभर त्याच्या नावाने बोटं मोडता आली असती. चांगल्या माणसांनी मिळून केलेल्या कामाचं काय करायचं, हे अजून मला कळलेलं नाही.

पुढे लग्न झालं. हे बोटीवर होते, मग ह्या देशात कारखान्यात लागले, मला बोलावून घेतलं. आणि मला काम मिळालं ते शाळेत! शाळेच्या स्वयंपाकघरात, मुलांचं जेवण रांधायचं. शाळेत गेले, पण मागच्या दाराने. तिथली पातेली एवढाली की इतर बायका दोघी मिळून उतरवत, मी एकटी. मुख्य बाई माझ्या उंचीवर खूश होत्या. त्या पातेल्यांनी आमचं घर उभं केलं, मुलगा शिकला. देवाचे, त्या बाईंचे, ह्या थंड गावाचे मी किती आभार मानू? फक्त मधल्या सुट्टीनंतर घंटा व्हायची, मुलं वर्गात पळायची, दारं बंद व्हायची, आणि आम्ही मागे भांडी घासत राहायचो. तेव्हा कधीकधी हात थांबायचा. एवढंच.

हे लिहायला घेतलं त्याला आता आठवडा होत आला. काल गॅरीचा फोन आला. मंगळवारी नक्की. मुलाचाही आला, "आई, कोणीतरी घरी थांबायला हवं हं." रात्रभर विचार करून माझं डोकं दुखायला लागलं. तो आला आणि मी नसले तर? नळ चुकीचा लावला तर? मुलाचा एवढा खर्च. ह्यांना तर स्विच कुठे आहेत तेही ठाऊक नाही.

आज मंगळवार. सकाळपासून खिडकीत बसले. दुपार झाली. व्हॅन नाही. मी उठले, डाळभात झाकून ठेवला आणि कोट चढवला.

हे टीव्हीसमोरून वळले. "खंय गो?"

"लायब्ररीत."

"आज? आज तो गॅरी येतलो मां?"

"येतलो तर येतलो. तुमी आसास मां घरात?"

"माका काय म्हायत तुझ्या किचनातला? तेणी काय इचारल्यान तर?"

"तुमका सुचात ता सांगा."

"आणि तू खंय आसस म्हणान इचारल्यान तर?"

मी दार उघडलं. बाहेर पाऊस भुरभुरत होता, कोपऱ्यावर बस वळताना दिसत होती.

"सांगा, बाई शाळेत गेली."